पेटीतला चुगलखोर

पेटी बंद पडली की खापर दादावर, हे ठरलेलंच होतं. औषधांच्या गोदामांतल्या थंड खोल्यांचं तापमान सांभाळणारी ती पेटी कंपनी बनवायची आणि जागेवर जाऊन बसवायचा दादा. अधूनमधून पेटी गपकन बंद पडायची, खोली तापायची, आणि साहेब ऑफिसात खुर्चीवर रेलून निकाल द्यायचे, "फिटरने वायर ढिली ठेवली असणार." आता तर त्यांनी उघडच सांगितलं होतं, गोदामवाले भेटीला येऊन गेले की ह्या फिटरला घरी बसवायचं.

त्याच कंपनीत पेटीचं सॉफ्टवेअर बांधणारी मिरची ही दादाची सख्खी धाकटी बहीण. मिरची हे नाव ऑफिसने पाडलेलं, आणि तिने ते कधी नाकारलं नाही. दादाच्या हातची वायर ढिली? अहो, घरात पंखा बसवला तरी त्याला लोंबकळून बघणारा माणूस तो!

मग तिने बिल्ड टूलमध्ये एक नवं पॅकेज घातलं. बिल्ड टूल म्हणजे काय, तर पेटीत जे जे प्रोग्रॅम हवेत त्यांच्यापुढे टिक करायची, की ते सगळं बांधून पेटीत भरण्याजोगी एक फाईल देतं. मिरचीचं पॅकेज पेटीवर नजर ठेवणारं होतं. मेमरी किती उरली, ती कोण खातंय, बंद पडण्याआधी काय झालं, सगळं पडद्यावर सांगणारं. ते टूलच्या गळी उतरवताना तिला घाम फुटला. कधी त्याला लागणारी एखादी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, नाही म्हणून अडायचं, कधी पेटीच्या प्रोसेसरला चालत नाही म्हणून. शेवटी बांधलं गेलं तेव्हा ती जागेवरूनच ओरडली, "आता बोल मेल्या!" शेजारच्यांना वाटलं, नवऱ्याशी फोनवर बोलतेय.

साहेबांचं डोकं फिरलं. "हा चुगलखोर कुणी घालायला सांगितला होता? गोदामवाल्यांसमोर आपणच आपली लक्तरं टांगायची? काढ तो."

"नाही काढणार."

"काय म्हणालीस?"

"दोष वायरचा आहे ना? मग घाबरता कशाला? काढायचं तर तुम्हीच काढा."

साहेबांनी तिला उठवलं, तिच्याच कॉम्प्युटरवर यादी उघडली, पॅकेजपुढची टिक काढली आणि बिल्ड लावलं.

"साहेब, नुसती टिक काढून ते जात नाही," ती म्हणाली. "आधी बांधलेलं तसंच आत राहतं. सगळं पुसून पहिल्यापासून बांधावं लागतं."

"मला शिकवू नकोस. तू शाळेत होतीस तेव्हापासून हेच करतोय मी."

ठीक आहे. सांगायचं ते सांगून झालं होतं. पुन्हापुन्हा समजवायला ती काही त्यांची आई नव्हती.

भेटीच्या दिवशी तीच फाईल भरलेली पेटी टेबलावर आली. समोर गोदामाच्या मॅनेजरबाई, शेजारी साहेब, आणि भिंतीला टेकून मिरची. साहेबांनी गोडगोड बोलत पेटीवर कामाचा भार चढवला. थोडा वेळ सगळं सुरळीत चाललं. मग पेटी गपकन बंद पडली, आपोआप पुन्हा सुरू झाली, आणि पडद्यावर ओळ आली: मेमरी संपली, सगळी तापमानाच्या प्रोग्रॅमने खाल्ली. तो प्रोग्रॅम साहेबांनी स्वतः लिहिलेला. कुणाला त्याला हात लावू द्यायचे नाहीत.

मॅनेजरबाईंनी पडदा वाचला. "पण इथे तर फिटर आलाच नव्हता ना?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मग ते मिरचीवर उसळले. "हिचेच उपद्व्याप हे! ए, आत्ताच्या आत्ता पूस ते."

"पुसणार नाही. मी घातलंय, आणि ते खरं बोलतंय. तुमच्या प्रोग्रॅमचं पाप माझ्या भावाच्या माथी मारू देणार नाही. नोकरी घ्यायची तर घ्या माझी."

"घेतलीच!"

"ते तुमचं तुम्ही बघा," मॅनेजरबाई म्हणाल्या, "पण हे पॅकेज असेल तरच पेटी घेऊ. आणि बसवायला तोच फिटर हवा."

साहेबांनी दात-ओठ खात मान हलवली. फिटर राहील, पण ही नाही.

मिरचीने पर्स उचलली आणि जिन्यातून दादाला फोन लावला. "तुझ्यावरचा आळ गेला. उद्या कामावर जा."

"आणि तू?"

"मला काढलं."

दादा म्हणाला, "मग मीही नाही जात. बसवू दे त्यांना आपल्या हाताने."

"खबरदार!" तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज सगळ्या मजल्यांवर पोचला. "माझी घालवून तुझी वाचवलीय मी. गेला नाहीस तर तंगडं मोडून ठेवीन. ताठ मानेने जा. आणि साहेब दिसले तर आधी नमस्कार त्यांना करू दे."