शेवटपर्यंत वाचणारे

बाबांनी एकोणीस वर्षं तंत्रशाळेत भूमापन शिकवलं आणि मुलांनी काढून पाठवलेला प्रत्येक नकाशा शाळेच्या ऑनलाइन संग्रहात जपून ठेवला. ते गेल्याला तीन महिने झाले, तेव्हा नोंदणी विभागाचं पत्र आलं. संग्रह नव्या प्रणालीत हलवायचा आहे, सरांची मांडणी इथे कोणालाच उलगडत नाही, तरी घरच्यांपैकी कोणी ती लावून द्यावी. शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर जे ठरलेल्या रकान्यात नसेल ते पुसलं जाईल. पत्राला तीन परिशिष्टं होती.

मुलीने आठवडाभर रजा टाकली. ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची, दुसऱ्यांचा पसारा निस्तरणं हेच तिचं पोटापाण्याचं काम होतं. पासवर्ड शोधावा लागला नाही. बाबांनी तो कोणालाही कळू नये म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅसच्या नंबराखाली लिहून ठेवला होता.

नव्या प्रणालीत रकाने चार होते: साल, सत्र, हजेरी क्रमांक, कामाचा क्रमांक. बाबांच्या संग्रहात यातलं काहीही नव्हतं. तिथे एका कप्प्याचं नाव होतं ‘उत्तर दिशा विसरलेले’, दुसऱ्याचं ‘नदी चढावर नेणारे’. ‘एकमेकांचं बघून’ या कप्प्यात दोन-दोन नकाशे जोडीने नांदत होते. एका जोडीत दोघांनीही एकाच ठिकाणी विहीर दाखवली होती आणि खाली बाबांनी लिहिलं होतं, ‘मी जाऊन आलो. तिथे न्हाव्याचं दुकान आहे.’ ‘आजी वारली’ नावाचा कप्पा उशिरा आलेल्या कामांचा होता. एका मुलाची आजी दोन वर्षांत चारदा वारली होती. बाबांचा शेरा: ‘चौथ्या वेळी मलाच जास्त वाईट वाटलं.’

ती हसली. मग आपण हसलो हे लक्षात येऊन जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसली, आणि पुन्हा कामाला लागली.

मुलांनी फायलींना दिलेली नावं वाचून तर तिने कपाळाला हात लावला. ‘फायनल’, ‘फायनल नवं’, ‘सर हेच बघा’, ‘आधीचं बघू नका’. बाबांनी अर्थातच आधीचंही बघितलेलं होतं. बुधवारपर्यंत तिने हजारभर नकाशे साल-सत्राप्रमाणे लावले. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, शेजारी खुर्ची टाकून देखरेख करत होती. तिला संगणकातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण मत सगळ्याबद्दल होतं.

बुधवारी दुपारी शेवटचा कप्पा उघडला: ‘शेवटपर्यंत वाचणारे’. आत दोनशे तेरा नकाशे. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे नाव आणि प्रमाण लिहायचं, तिथे भलतंच काही होतं. ‘दोन अंडी.’ ‘केळं, धावत.’ ‘भावाने ठेवलेलं.’ तिला वाटलं पोरांनी थट्टा मांडली आहे. पण पानाच्या टोकापर्यंत वाचण्याची तिला धंद्यानेच खोड होती, म्हणून तिने बाबांचं सूचनापत्रक काढलं. आठ पानं. रेघेची जाडी, शाईचा रंग, घडी कशी घालायची. आणि आठव्या पानावर सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: ‘इथवर आला असाल तर उजव्या कोपऱ्यात आज सकाळी काय खाल्लं ते लिहा. इतरांना सांगू नका.’

चाळीसातली दहा-अकरा मुलं दर वर्षी तिथवर पोचत होती. बाबांनी प्रत्येकाला उत्तर दिलं होतं. दोन अंडीवाल्याला, ‘एक मला ठेवायचंस.’ केळंवाल्याला, ‘साल कुठे टाकलंस ते नकाशात दाखव.’ आणि अडतीस नकाशांवर ‘काही नाही’ असं लिहिलेलं होतं. त्या अडतीसही ठिकाणी एकच उत्तर: ‘उद्या तासाआधी दहा मिनिटं माझ्या टेबलाशी ये. डबा आहे.’

तिने ते मोठ्याने वाचलं आणि आत्याकडे बघितलं.

या घरातला बिस्किटांचा डबा आठवड्याच्या आत रिकामा व्हायचा. बाबांना साखरेचा आजार. आत्याने त्यांना फैलावर घेतलं, शपथा घातल्या, डबा कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. ती झोपली की किल्लीही ते लांबवायचे आणि सकाळी जागेवर असायची. दर वेळी ते मान खाली घालून म्हणायचे, चुकलो बाई, खाल्ली मीच. हे वर्षानुवर्षं चाललं होतं.

आत्याचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

“मला सांगायला काय झालं होतं याला?” ती म्हणाली. “मी बरी बिस्किटं आणली असती. ती अगदीच भुसा होती.”

मग ती उठून आत गेली आणि तिने नळ जरा जास्तच मोठा सोडला.

अडचण अशी की नव्या प्रणालीत फक्त नकाशे जाणार होते. कप्पा आणि उत्तरं पुसली जाणार होती. मुलीने नोंदणी विभागाच्या साहेबांना फोन केला. बाबा घरात त्यांना ‘परिशिष्ट’ म्हणायचे. साहेबांनी सांगितलं की ‘इतर’ नावाचा पाचवा रकाना आहे, पण तो उघडायला लेखी टिपण लागतं, कारणासह. तिने टिपण पाठवलं, ते परत आलं: कारण मोघम. दुसरं पाठवलं, तेही परत आलं: ‘वडिलांची आठवण’ हे कारण यादीत नाही, यादी सोबत जोडली आहे.

शुक्रवारी सकाळी तिने पुन्हा फोन केला आणि विचारलं, साहेब, तुम्ही ही टिपणं वाचता तरी का?

“ताई, मी कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सही करत नाही. लोक हसतात मला.”

तिने फोन ठेवला. मग तिने तिसरं टिपण लिहिलं, चार पानी. सदर कागदपत्रं म्हणजे विद्यार्थ्यांनी सूचना पूर्ण वाचल्याचा पुरावा होय, यादीतलं कारण क्रमांक सात. चौथ्या पानाच्या तळाशी तिने बारीक अक्षरात आणखी एक ओळ घातली आणि दुपारी एकला पाठवून दिलं.

दोन वाजले, तीन वाजले. आत्याने चार चकरा मारून विचारलं, आला का तुझा परिशिष्ट? चार वाजता ती देवाला नाही, थेट भावाच्या फोटोला बोलली, की तुला साधी साल-वार मांडणी करायला काय धाड भरली होती.

पाचला वीस मिनिटं असताना उत्तर आलं.

‘मंजूर. पाचवा रकाना उघडला आहे. चहा आणि दोन टोस्ट, पैकी एक करपलेला. परिशिष्ट नाही.’

कप्पा पाचव्या रकान्यात सरकवायला सहा मिनिटं लागली. दोनशे तेरा नकाशे, दोनशे तेरा उत्तरं. तिने दोनदा मोजून घेतली.

“करपलेला टोस्ट खाऊन कामावर जातो?” आत्या मागे उभी राहून पडद्यावर बघत होती. “घरात सांगणारं कोणी नाही वाटतं त्याला.”

अजून दहा मिनिटं उरली होती. मुलीने साहेबांचं उत्तर दोनशे चौदावं म्हणून त्याच कप्प्यात ठेवलं, आणि शेऱ्याच्या चौकटीत बाबांच्या नावाखाली लिहिलं, ‘पुढच्या वेळी आच कमी.’

आत्याने ते वाचून घेतलं, कमरेची कपाटाची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली.