आण्णा तेव्हा लडाखला होते

आईला जाऊन महिना होत आला, तरी भेटायला येणारी माणसं थांबत नव्हती आणि आण्णांचं सांगणंही थांबत नव्हतं. इस्लामपूरपासून थोडं आत, उसाच्या रानाला लागून त्यांचं स्लॅबचं घर. पोर्चमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या कायमच्याच मांडलेल्या. साताऱ्याच्या कॉलेजातून रजा काढून आलेली राजेश्वरी दिवसभर चहा करायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून वडिलांचं बोलणं ऐकत दात आवळायची.

आज लालासाहेब आले होते, आण्णांच्याच पलटणीतले.

"आमी फलटणच्या स्टँडवर उतरलो," आण्णा सांगत होते, "आन् बघतोय तर पोरगी गायब. चार वर्षांचं पोर. हिकडं पळ, तिकडं पळ. शेवटी सापडली कुठं, तर रसवंतीत. चरकाची घुंगरं ऐकत बसलीया निवांत. ही काय रडली न्हाई. आदी एक गिलास रस प्याली, मग पोरीला फटका दिला."

"वैनी लय खंबीर," लालासाहेब म्हणाले.

राजेश्वरीने चहाचं पातेलं आपटलं. त्या वर्षी आण्णा लडाखला होते. लालासाहेबही तिथंच, शेजारच्या खाटेवर. तरी हा माणूस मान डोलवत होता.

पाहुणे गेल्यावर ती बाहेर आली. "आण्णा, तुम्ही फलटणला नव्हता."

"व्हय? मग घुंगरं कुणी ऐकली?"

"मी ऐकली. आणि आईनं."

"मला बी ऐकू येत्यात."

हे रोजचंच होतं. राजेश्वरीचं बारसं, तिची शाळा, नव्या विहिरीला लागलेलं पाणी, सगळीकडे आण्णा हजर. वर्षाकाठी दोन महिने सुट्टीवर येणाऱ्या माणसाने आईचा सगळा एकटेपणा भरून टाकला होता. आठवण दर वेळी बाहेर काढली की थोडी बदलून परत आत जाते, असं तिने वाचलं होतं. ह्या वेगाने वर्षभरात आई आण्णांच्या गोष्टीतलं एक पात्र होऊन बसेल, अशी तिला भीती होती. म्हणून सांगलीच्या दवाखान्यातली शेवटची दुपार तिने कुणालाच सांगितली नव्हती. आण्णा तेव्हा खाली चहा प्यायला गेले होते. तेवढी एक आठवण तरी कुणाचा हात न लागलेली राहावी.

संध्याकाळी आण्णा धार काढायला बसले. राजेश्वरी बादली घेऊन गोठ्यात गेली, आणि दिवसभर साठलेलं बाहेर पडलंच.

"लोकांपुढं खोटं कशाला सांगता? तिनं एकटीनं काढलंय ते सगळं. तेवढं तरी तिचं राहू द्या."

आण्णांचा हात थांबला नाही. "सुट्टीवर आलो की ही हितं उभी राह्यची. तू हाईस तिथंच. वर्साचं सगळं सांगायची. मग म्हणायची, आता तुमी सांगा. चुकलं की परत पयल्यापास्नं." दुधाची धार भांड्यात वाजत राहिली. "मी म्हणायचो, तू गेलीस, तुला पोरगी सापडली. तर म्हणायची, तसं न्हवं. आमी गेलो, म्हना. न्हाईतर उद्या तुमी तुमच्याच घरात पावणं व्हाल."

राजेश्वरी गोठ्याच्या खांबाला टेकली. आईने हे तिला कधी सांगितलं नव्हतं. आणि फटक्याआधी आईने रस प्यायला होता, हे तिलाच आठवत होतं की आण्णांच्या तोंडून ऐकून आठवत होतं, तेही आता तिला धड सांगता येईना.

"दवाखान्यातलं तेवढं मला येत न्हाई," आण्णा म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून म्हणाले. "सांगायला हीच न्हाई."

ती मनातल्या मनात त्या दुपारकडे गेली, तर काय. आईने विचारलेलं आठवत होतं, शब्द मात्र हलत होते. "चपला घालून गेलेत न्हवं?" की "चपला घातल्यात का?" वॉर्डच्या दाराबाहेर चपला काढाव्या लागत आणि आण्णा विसरून तसेच अनवाणी जात. महिनाभर जपून ठेवलेलं हे असं विरायला लागलं होतं. तिला स्वतःचाच राग आला.

"तिनं डोळे उघडले," ती एकदम म्हणाली. "खालची फरशी गार हाय म्हणाली. मग विचारलं, चपला घालून गेलेत न्हवं? मी न बघताच हो म्हणाले. मग ती झोपल्यासारखी झाली. बस, एवढंच." तिने नाक पुसलं. "आता तुम्ही सांगा."

आण्णांनी भांडं बाजूला ठेवलं. "तिनं डोळं उगाडलं. तू म्हनलीस..."

"तसं नाही. आम्ही होतो, म्हणा."

"आमी दोगंबी हुतो. तिनं इचारलं, चपला घालून गेलेत न्हवं..." ते अडकले. "आगं, पर मी तिथंच हाय तर ती 'गेलेत' कशी म्हनंल?"

राजेश्वरी वैतागली. इतकं ऐकून ह्या माणसाला नेमकं हेच दिसावं. "मग तुम्ही दाराबाहेर होता. निघाला होता. चपलाच घालत होता."

आण्णांनी भांडं परत गुडघ्यात धरलं.

"हां," ते म्हणाले. "आसं जमतंय."

आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.