निळा टिपका

कूलरच्या लोखंडी पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात, असं माय फोनवर सहज बोलून गेली. वर "थोड्याच येतात," असंही म्हणाली. मी मस्कतच्या एका दवाखान्यात नर्स आहे. रिठदच्या घरी माझी माय सोजरबाई आणि माझी चार वर्षांची सपना, दोघीच असतात. चालू कूलरला तोंड लावून गाणं म्हणायचं आणि आपलाच कापरा आवाज ऐकून खिदळायचं, हा सपनाचा आवडता खेळ. ते "थोड्याच" काही माझ्या डोक्यातून जाईना.

मग मी मस्कतहून कूलर दुरुस्त करायला घेतला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! रिसोडच्या हेमसिंग मिस्त्रीला दिवसाला पाच-पाच फोन केले. तो लग्नांच्या मांडवांत अडकलेला, आठव्या दिवशी उगवला. मायनं मोबाइल धरला आणि मी तिथून त्याच्या डोक्यावर बसले.

त्यानं दोन पिनांचा काळा प्लग काढला, उलटा करून लावला आणि पत्र्याला टेस्टर टेकवला. टेस्टरचा दिवा लागला नाही.

"झालं, ताई."

"असं कसं झालं? वायर कुठं उघडी पडली ते पाहा ना!"

"त्याले मोटर खोला लागते. अर्थिंगचा खड्डा बी पायजे. लग्नं उरकू द्या, मंग येतो. तवरीक प्लग असाच उलटा राहू द्या. इकडं समदे असंच करतात."

खरंच करतात. माझ्या बापानंही हेच केलं होतं. पण मी पडले शिकलेली, मी त्यात हुशारी घातली. सपनासाठी पाठवलेल्या निळ्या नेलपॉलिशचा टिपका प्लगच्या वरच्या अंगाला लावून घेतला. टिपका वर म्हणजे ठीक, खाली म्हणजे झटका, हे मायकडून दोनदा वदवून घेतलं. शिवाय तिची चालू कूलरमध्येच पाणी ओतायची सवय मला माहीत. म्हणून पाणी भरताना दर वेळी प्लग काढायचाच, अशी तंबीही दिली.

त्याला वीस दिवस झाले. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल लावला. मायनं मोबाइल खाटेवर टेकवला, घागर कूलरमध्ये रिकामी केली आणि प्लग लावला. मी सवयीनं प्लगकडं पाहिलं. वर नुसता काळा होता.

"माय, प्लग..."

सपना खाटेवरून उतरून कूलरकडं निघाली होती. तेवढ्यात चित्र थांबलं आणि कॉल तुटला.

परत लावला तर लागेना. शेजारच्या ललिताबाईंचाही लागेना. शॉक लागलेलं माणूस दवाखान्यात कसं येतं, ते मी पाहिलेलं आहे. सपनाचा गाल त्या पत्र्यावर मला दिसत होता, आणि तिला ओढायला धावलेली मायही. चाळीस मिनिटं मी फोन लावत राहिले. इंजेक्शन द्यायला गेले तेव्हाही फोन कानालाच होता; सोबतिणीनं सिरिंज काढून घेतली.

शेवटी मायचाच फोन आला.

"टावर गेल्ता वं. मंग लाईन बी गेली."

"सपना कुठाय?"

"जेवून राह्यली. काहून रडून राह्यली तू?"

"प्लग चुकीचा लागला होता, माय! टिपका खाली होता!"

"हो, मले समजलं ना. झटका बसला तवाच."

मला आधी कळलंच नाही. "तुला बसला?"

"मले तुहा टिपका कवा दिसलाच नाई. काळ्यावर निळं, अन माह्या डोळ्यात मोतीबिंदू. मी पोरीले दूर थांबवते, प्लग लावते अन आंधी मीच हात लावून पाह्यते. झटका बसला का उलटा लावते. मंगच पोरीले येऊ देते."

वीस दिवस, रोज दोनदा पाणी भरताना. दर वेळी प्लग काढायला मीच तिला लावलं होतं.

"अगं, ओल्या हातानं?"

"पाणी भरल्यावर हात कोरडे कुठून रायतीन?"

"ललिताबाईंकडून टेस्टर तरी आण!"

"टेस्टर कायले? हात हाये ना."

मी ओरडले, रडले. प्लग काढू नको म्हणावं तर ती चालू कूलरमध्ये पाणी ओतणार, काढ म्हणावं तर हात लावून बघणार. हेमसिंगला फोन केला. तो म्हणाला, परवा नक्की येतो. मायला सांगितलं, परवापर्यंत कूलर बंद म्हणजे बंद.

"पोरीच्या अंगावर घामोळ्या फुटल्या वं," ती म्हणाली. मग म्हणाली, "बरं, नाई लावत."

फार लवकर म्हणाली. आधी "थोड्याच येतात" म्हणाली होती, तसंच.

रिठदला आता सहा वाजलेत. ही पाणी भरायची वेळ. रिंग जातेय, पण माय फोन उचलत नाहीये.