खालची मोकळी जागा

खांदा कॉलनीतली आमची चार मजली इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं, आणि कागदावरच खर्च हाताबाहेर गेला तेव्हा सल्लागार म्हणून हेतल आली. पोरगी हुशार. जिन्यालगतच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या, चहा मी केला.

"आधी इमारत कशासाठी हवी ते ठरवू," ती म्हणाली. "मग एकेका गोष्टीचं काम काय ते सांगायचं. तेच काम दुसरीकडे होत असेल, तर ती गोष्ट काढायची."

चहा निवायच्या आत नव्या नकाशातलं कारंजं गेलं. कमानीची बाजू घ्यायला ती सुचवणारेही उठले नाहीत.

मग चर्चेची गाडी याच मोकळ्या जागेवर आली. नव्या नकाशात तिथे पार्किंग होतं, त्यातलं एक सेक्रेटरी विनायकचं.

"ती जागा ऱ्हाऊ द्या," तळमजल्यावरचे काशिरामकाका म्हणाले. मूळचे उरणकडचे, मिठागरवाल्यांच्या घरातले, उंच आणि अबोल. त्यांच्या रंभाकाकूंना डॉक्टरांनी परत पाठवलं होतं. आता घरीच सांभाळा म्हणून.

"तिचं काम काय, काका?"

काका चपलांकडे बघत राहिले. आम्ही मदतीला धावलो.

"सत्यनारायण असतो इथे."

"नकाशात वर हॉल आहे."

"हळदीकुंकू," मी म्हटलं.

"तेही हॉलमध्ये होईल, काकू."

खरं काम सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याकडून जो गेला तो इथूनच गेला. अंघोळ, हार, शेवटचं दर्शन, सगळं इथे. पण नव्या घराच्या बैठकीत ते तोंडून कोण काढणार? त्यापेक्षा गाड्या उभ्या राहिलेल्या बऱ्या.

"मग काढू या," विनायक म्हणाला.

तेवढ्यात शेजारच्या खिडकीचा पडदा सरकला. रंभाकाकू उशांना टेकून सगळं ऐकत होत्या.

"लिव गो पोरी. मेलेलं मानूस ठेवाला."

"गप ना," काका म्हणाले.

"कशाला गप? या खिडकीतनं सगल्यांना जाताना बघलंय मी. विनायक, तुझ्या बापाला इथंच ठेवलेला ना?"



"तू बरी होशील," काका हळूच म्हणाले. "नव्या घरात..."

"मी जुन्यातनंच जाईन. माझी जागा हाय. तुमचं काय? गाड्यांच्या मधी ठेवतील तुमाला?"

इतका वेळ आम्हाला वाटत होतं, काका रंभाकाकूंसाठी जागा मागतायत. काकांनाही तसंच वाटत होतं.

हेतलनं कागदावर काहीतरी लिहिलं. मग विचारलं, "किती जागा लागते?"

विनायक उठला आणि खुर्च्या बाजूला करू लागला. "बाबांना इथे ठेवलं होतं. आई या खांबाशी बसली होती. आणि उचलल्यावर इकडून वळताना..." तो भिंतीपाशी थांबला. "इथे अडलं होतं. इथे थोडं रुंद हवं."

हेतल टेप घेऊन त्याच्या मागोमाग फिरत होती.

"लांबीला जरा जास्ती धर," खिडकीतून आवाज आला. "आमचे उंच हायेत."

काका उठून खिडकीपाशी गेले. काकूंच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. गजांतून हात घालून काकांनी पडदा थोडासा ओढला, ऊन अडेल पण काकू दिसत राहतील इतकाच.