वर मयत, खाली वाचन

सरकारातल्या साहेबांनो, आमच्या पोरांना कुजबुजायला तुम्ही शिकवलंत. प्रूइटबाईंनी नाही. तुम्ही. बाईंनी फक्त तुमचं पाप सोळा वर्षं निभावून नेलं.

त्या शुक्रवारी मी चर्चच्या तळघराच्या दारात उभा होतो. माझ्या पोरीचा, टालियाचा डबा घरी राहिला होता, तो द्यायला टायरच्या दुकानातून तसाच आलो होतो, काळ्या हातांनी. वर ऑर्गन वाजत होता. खाली सगळा दुसरीचा वर्ग बाईंच्या सतरंजीवर बसून वाचत होता, म्हणजे नुसते ओठ हलवत होता. बाईंनी तळहात खाली दाबला की आवाज आणखी खाली. तळहात वर केला की मोठ्याने, पण तो क्वचितच वर व्हायचा. समजलं असेल तर पोरांनी छातीवर दोनदा थाप मारायची.

"हे काय चाललंय बाई?"

"वाचन," बाई कुजबुजल्या. "वर आज टिब्सआजोबांचं मयत आहे. आवाज पोचतो."

"मेलेल्याला कसला आवाज पोचतोय?"

"त्याला नाही हो, टालियाचे बाबा. भाडेकराराला पोचतो."

आमची शाळा चार्टर. परीक्षा सरकारी, पैसा सरकारी, फी नाही. कारभार मात्र खासगी मंडळाचा. पलीकडच्या वस्तीतल्या सरकारी शाळेला इमारतीसाठी वेगळा पैसा मिळतो. आमच्या पोरांसाठी तो नाही. म्हणून पुस्तकांच्या पैशातून भाडं जातं, आणि डेट्रॉईटच्या पूर्वेकडची आमची पोरं तळघरात शिकतात. अंत्यविधी असला की शाळेने गप्प बसायचं, असं करारात लिहिलंय. आमच्या वस्तीत मयतांना कधी तोटा नसतो. पोरांना दुसरीकडे घाला म्हणाल, तर आमच्या गल्लीतल्या शाळेच्या खिडक्यांना फळ्या तुम्हीच ठोकल्यात.

आणि बाई? दरवर्षी मे महिन्यात त्यांची नोकरी संपायची आणि मंडळाच्या मर्जीने पुन्हा सुरू व्हायची. पेन्शन मागितली तर तुम्ही म्हणालात, बाई खासगी नोकर. मग गेल्या हिवाळ्यात त्यांनी चार शिक्षकांना घेऊन संघटना काढायचं ठरवलं. तेव्हा मंडळाचा वकील म्हणाला, ही सरकारी शाळा, खासगी कामगारांचा कायदा इथे चालत नाही. तुमची पेन्शनचं आणि कामगारांचं, दोन्ही ऑफिसं एकमेकांकडे बोट दाखवून मोकळी झाली.

"मी वटवाघूळ आहे," बाई हसून सांगायच्या. "पाखरांत गेले की म्हणतात उंदीर, उंदरांत गेले की म्हणतात पाखरू."

तर त्या शुक्रवारी जिन्यावर काठी वाजली. काळ्या टोपीतल्या टिब्सआजी, नवऱ्याचं मयत सोडून, खाली आल्या.

"आजी, माफ करा," बाई उठल्या. "आवाज आला का?"

"आवाज येईना म्हणून आले. आधी एक शिंक ऐकली, मग चिडीचूप. म्हटलं, पोरांना कोंडलंय की काय कुणी." त्या पोरांकडे बघत राहिल्या. "माझा माणूस जन्मभर शाळेची बस हाकायचा. पोरं गप्प झाली की गाडी कडेला घेऊन मागे बघायचा, काय बिनसलं म्हणून. त्याला ही शांतता नको. वाचा मोठ्याने."

बाईंनी छताकडे पाहिलं. नियम त्यांना पाठ होता. मग त्यांनी तळहात वर केला.

आधी घोगरे आवाज आले, मग सगळा वर्ग वाचायला लागला. वर ऑर्गन थांबला. कुणीतरी हसलं, मग "आमेन" ऐकू आलं. आणि मला माझी पोर ऐकू आली. ती दर दुसऱ्या शब्दाला अडखळत होती. पहिलं अक्षर बघून पुढचं आपल्या मनाने ठोकून देत होती. मला हे माहीतच नव्हतं. बाईंनाही नसावं, कारण कुजबुजीत चूक ऐकू येत नाही. बाई तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसल्या आणि शब्दाखाली बोट ठेवून म्हणाल्या, "पुन्हा. हळूहळू, पण मोठ्याने."

सोमवारी संचालक केसलिंगने बाईंना काढलं. म्हणे करारभंग.

मी त्याच्या खोलीत गेलो. "तक्रार कुणाची? चर्चची नाही. आजींनी तर सकाळी स्वतः रताळ्याचा केक आणून दिला."

"तक्रारीची गरज नाही. काढायला आम्हाला कारण द्यावं लागत नाही."

"मग दिलंत कशाला?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"संघटनेचं काय?"

त्याने टाय सारखा केला. "हे बघा, मला पलीकडच्या शाळेइतका पैसा द्या, मी उद्या इमारत घेतो. हे तळघर मी निवडलेलं नाही."

हे खरं होतं. म्हणून तर त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. "आणि बाईंना काढून किती विटा आल्या?" मी विचारलं. त्याने दार उघडून धरलं.

बाई सतरंजी गुंडाळत होत्या. ती त्यांनी स्वतःच्या पगारातून आणली होती, त्यामुळे पोरं आता उघड्या फरशीवर उभी होती. केसलिंग दारात राखण करत होता. मी सतरंजी उचलायला पुढे झालो, तर म्हणाल्या, "राहू द्या. तुम्ही टालियाचं वाचन घ्या रोज. आवाज काढून."

सतरंजी खांद्यावर टाकून त्या पोरांकडे वळल्या आणि मोकळा तळहात वर केला.

एकही आवाज निघाला नाही. पोरांनी केसलिंगकडे पाहिलं, आणि सगळ्यांनी छातीवर दोनदा थाप मारली. टालियाचे ओठ हलत होते. ती काय म्हणाली ते मला दोन हातांवरून ऐकू आलं नाही.

त्या दिवशी वर कुणाचंही मयत नव्हतं. मग आमची पोरं गप्प का होती? ती सरकारची असतील, तर त्यांच्या वाट्याची इमारत कुठे आहे? बाई सरकारच्या नसतील आणि खासगीही नसतील, तर त्या कुणाच्या?

उत्तर द्या. मोठ्याने.