हिरव्या चापड्याचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक म्हातारा चापडा आहे. झाडावर राहणारा, पानासारखा हिरवा, त्रिकोणी डोक्याचा विषारी साप. 'विषारी' हे मी मुद्दाम सांगतो. कारण माझ्याबद्दल माणसं दोनच गोष्टी बोलतात: मी चावलो की माणूस जागच्या जागी मरतो, नाहीतर मला विषच नसतं. दोन्ही शुद्ध थापा आहेत. त्या थापांपायी एका भल्या बाईचे हाल झाले आणि नाव माझं बदनाम झालं, म्हणून आज बोलतो.

मी अंड्यातून नाही, थेट आईच्या पोटातून जन्मलो. त्या दिवसापासून माझं पोट मीच भरलं. मोठा झाल्यावर एका रोपवाटिकेच्या कुंपणाच्या झाडीत राहायला आलो. दिवसा फांदीला विळखा घालून पडायचं आणि अंधारात बेडूक, पाली, उंदीर टिपायचे. रोपांची मुळं कुरतडणारे उंदीर कमी झाले, तेव्हा मालकाने कौतुक केलं ते मांजराचं. तो अपमानही मी गिळला.

तिथे एक माळीणकाकू कामाला होत्या. झाडीत हात घालण्याआधी त्या नेहमी काठीने फांद्या हलवायच्या आणि मी बाजूला सरकायचो. आमचं बरं चाललं होतं. पण एके दिवशी त्यांचा दीर टेम्पो घेऊन आला आणि हॉर्नवर हॉर्न वाजवू लागला. घाईघाईत काकूंनी काठी न घेताच फांदी धरली. हात माझ्या अंगावर पडला. मी घाबरलो आणि त्यांच्या बोटाला चावलो. ते मी नाकारत नाही.

दीर धावत आला. मला पाहून हसला. म्हणाला, "वहिनी, हिरव्या सापाला विष नसतं. चला, रोपं भरा." त्याने मला हरणटोळ समजलं. तो हिरवा साप काटकुळा, लांब टोकदार तोंडाचा. कुठे तो, कुठे मी! लोकांना गंमत दाखवायला म्हणून त्याने मला काठीने प्लास्टिकच्या बरणीत ढकललं.

बरणीतून मी पाहत होतो. काकू ओठ दाबून कुंड्या उचलत होत्या. हात मनगटापर्यंत सुजला, मग कोपरापर्यंत. बांगड्या रुतू लागल्या. तेव्हा मात्र दिराची पाचावर धारण बसली. आता त्याला मी साक्षात यमदूत वाटलो. त्याने सुतळीने दंड करकचून आवळला आणि विष बाहेर काढायला म्हणून ब्लेडने बोट चिरलं. मित्रांनो, माझ्या विषाने रक्त गोठेनासं होतं. अशा वेळी चिरल्यावर काय होणार? रक्त थांबेचना. फडक्यामागून फडकी भिजली.

मग त्यांना दवाखान्यात नेलं आणि पुरावा म्हणून मलाही. डॉक्टरीणबाईंनी आधी सुतळी कापली, मग बांगड्या. जिवंत साप आणण्याबद्दल दिराला फैलावर घेतलं. म्हणाल्या, "या सापाच्या विषाने माणूस क्वचितच दगावतो. पण रक्त बिघडतं, म्हणून याला हलकं घ्यायचं नसतं. तुम्ही वेळ घालवलात आणि वर ब्लेड लावलंत."

सलाईन लागलं, रक्त चढवलं, पुन्हा पुन्हा तपासलं. काकू वाचल्या.

दुसऱ्या दिवशी नातेवाईक भेटायला आले. डॉक्टरीणबाईंनी वनरक्षकाला बोलावलं होतं, पण तो येईपर्यंत मी खिडकीतल्या बरणीतच होतो. दीर सगळ्यांना सांगत होता, की या राक्षसाने जीवच घेतला असता, माझ्या ब्लेडने वहिनी वाचल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बरणीवर डोकं आपटलं.

काकू शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, तो भ्याला आणि एकदा चावला. तुम्ही माहीत नसताना मला कामाला लावलंत, माहीत नसताना चिरलंत. माझं हे बोट आता वाकणार नाही, ते त्या चिरण्याने. त्याला नावं ठेवू नका."

दिराने खाली मान घालून विचारलं, "दुखतंय का फार?" काकू म्हणाल्या, "दुखतंय."

त्या संध्याकाळी वनरक्षकाने मला दूरच्या झाडीत सोडलं.

मित्रांनो, माझ्यावर माया करा असं मी म्हणत नाही. लांबच राहा. मी चावलोच तर बांगड्या-अंगठ्या काढा, हात हलवू नका, बांधू नका, चिरू नका आणि तडक दवाखाना गाठा. विष मी जन्मतःच घेऊन आलो, ते मला टाकता येत नाही. अर्धवट माहिती मात्र कुणी जन्मतः घेऊन येत नाही. ती तरी टाका.