सोराइदाचा कंटाळा

मुलगा खाणीवर गेला की सोराइदा उर्दानेताच्या घरात आवाज म्हणून फक्त फ्रिजचा. एन्द्री आठवडेच्या आठवडे वर वाळवंटात राही आणि घरी आला की सुट्टी झोपून काढी. त्याच्या आग्रहाखातर व्हेनेझुएलातलं माराकाइबो सोडून ती चिलेत, अंतोफागास्ताला आली होती. समोर समुद्र, मागे बोडके डोंगर आणि जिन्यात भेटणारी माणसं नमस्कार करून दार लावून घेणारी.

तिकडे कंटाळासुद्धा, त्यांच्या बोलीत 'लादिया', चारचौघांत करायची गोष्ट होती. दुपारी दारात खुर्ची टाकून ती ओरडायची, "काय लादिया आहे गं बाई!" की पलीकडून कोणी ना कोणी ओ द्यायचं, "इकडे त्याहून जास्त आहे, ये!" मग कॉफी व्हायची, डॉमिनो निघायचा आणि दुपार कशी सरली ते कळायचंही नाही.

त्या रविवारी बेकरीतली रांग काही हलेना. सोराइदाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "देवा, काय लादिया झाली आहे मला!"

पुढची बाई अंग चोरून बाजूला झाली. काउंटरवरची पोरगी ओठ दाबत म्हणाली, "मावशी, हळू. आमच्याकडे लादिया म्हणजे उवा. आणि त्याही डोक्यातल्या नव्हेत."

अख्खी रांग हसली. सोराइदाने पैसे दिले आणि पाव तिथेच टाकून ती घरी आली. दार लावलं, पडदा ओढला. रडू आलं नाही. पण आपण बोललेलं परत गिळता आलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला राहून राहून वाटत होतं.

थोड्या वेळाने दार वाजलं. समोरच्या घरातला म्हातारा कुबियोस उभा होता. बंदरातून निवृत्त झालेला, एकटा राहणारा. हातात पावाची पिशवी.

"शेजारीणबाई, हे विसरलात. मी रांगेतच होतो." तो घुटमळला. "मीही हसलो. वाईट वाटलं मागाहून."

"मला नुसता कंटाळा आला होता हो," ती म्हणाली. "तुम्ही काय म्हणता त्याला?"

"लाता."

"लाता? डबा? पत्र्याचा?"

"तोच. का ते विचारू नका. माझी बायकोही हेच विचारायची." तो उंबऱ्यातच टेकून उभा राहिला. "नेलिदा अर्जेंटिनाची, रोसारियोची. ती म्हणायची फियाका. रविवारी जाग आली तरी अंथरूण सोडवत नाही ना, ती फियाका. मी म्हणायचो, हा शुद्ध आळस. ती म्हणायची, तुला काय कळतंय, पड गप्प."

"फियाका," सोराइदाने म्हणून पाहिलं.

"तसं नाही. ती 'या' लांबवायची. फियाऽका." तो हसला, मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे भलतीकडे गेले. "ती गेल्यापासून कानावर पडला नव्हता हा शब्द. इथे कोण म्हणणार?"

"आत या ना. कॉफी टाकते."

"नको, नको. पुन्हा कधीतरी." घाईघाईने तो गेला. त्याचं दार लागल्याचा आवाज आला.

संध्याकाळी एन्द्रीचा फोन आला. बेकरीतली गंमत त्याला सांगावी, म्हणजे तो पोट धरून हसेल आणि आपलंही मन हलकं होईल, असं तिने ठरवलं होतं.

"कसं काय रे वर?"

"काय सांगू आई, काम नाही, वीज गेली आहे. नुसती लाता!"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. त्याने तो शब्द इतक्या सहज उच्चारला होता, की जणू जन्मला तोच इथे.

"आई? आहेस ना?"

"आहे रे."

"तुझं काय चाललंय?"

"माझं छान आहे. जेव वेळेवर."

फोन ठेवून ती बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होती. मग पायात चप्पल सरकवून तिने जिन्याचा चौक ओलांडला आणि कुबियोसचं दार वाजवलं. तो लोकरी स्वेटर उलटा घालून दारात आला, घाबरलेला.

"काय झालं, शेजारीणबाई?"

"काही नाही झालं. नुसता कंटाळा आलाय. तेच सांगायला आले."

तो आत वळला, दिवा लावला आणि दुसऱ्या खुर्चीवरची जुनी वर्तमानपत्रं उचलू लागला.